एका पगारावर तीन घरे



 वर्षभरातील कार्यक्रमांचा आढावा, मुलामुलींच्या यशाच्या वार्ता, या देशात नव्याने आलेल्या बंधू-भगिनींचे स्वागत, हे सारे आतील पानांत आहेच. संपादकीयाची जागा मात्र यंदा आम्ही अशा एका विषयाला देत आहोत, की ज्याची चर्चा आपल्या व्यासपीठावर होत नाही. पण ज्याने आपल्यातील काही घरांची झोप उडविली आहे. तो विषय म्हणजे एकट्या पालकाची गेलेली नोकरी.

अमेरिकेतील आपला समाज प्रामुख्याने नोकरदारांचा आहे. दुकान, शेती, वडिलोपार्जित इस्टेट असे काही मागे नसलेला आणि केवळ शिक्षणाच्या बळावर येथवर आलेला हा समाज. २०२२ च्या अखेरीपासून संगणक क्षेत्रात नोकरकपातीची जी लाट आली, तिची झळ आपल्यातील अनेकांना लागली. ज्या घरात पती-पत्नी दोघेही आहेत, त्या घराने ती कशीबशी सोसली. परंतु जेथे पतीचे निधन झाले आहे, जेथे घटस्फोट झाला आहे, जेथे कोणी एकजण घर सोडून निघून गेला आहे, तेथे नोकरी गेली म्हणजे घराचा एकुलता एक खांबच गेला. अशा घरांत माता अधिक आहेत, तसे पिताही आहेत. त्यांची संख्या किती, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. असे एक घर असले तरी ते आपले आहे.

त्यांच्यापुढील संकटाचे स्वरूप नीट समजून घेतल्यावाचून सहानुभूतीचे चार शब्द बोलणे व्यर्थ आहे. म्हणून प्रथम वस्तुस्थिती पाहू.

एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या व्यक्तीची नोकरी सुटली, की तिला या देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. ही सवलतही जानेवारी २०१७ पासूनची. राहण्याची मूळ परवानगीच त्याआधी संपत असेल, तर तेवढेही दिवस मिळत नाहीत. या अवधीत नव्या मालकाने अर्ज दाखल केला पाहिजे, किंवा स्वतः दुसऱ्या एखाद्या दर्जासाठी अर्ज केला पाहिजे. अन्यथा देश सोडला पाहिजे. पती-पत्नी दोघेही एच-वन-बीवर असतील, तर नोकरी गमावलेल्यास दुसऱ्याच्या आधाराने एच-फोर दर्जा मागता येतो. एकट्या पालकाला हे दार बंद आहे. उलट, त्याचीच मुले त्याच्या आधाराने एच-फोरवर असतात; त्याचा दर्जा गेला की त्यांचाही जातो.

मालकाने मुदतीपूर्वी कामावरून काढले, तर त्या कर्मचाऱ्याच्या मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च मालकाने द्यावा, असे कायदा सांगतो. मात्र हा खर्च केवळ कर्मचाऱ्याचा. मुलांच्या तिकिटाचा नव्हे. जणू काही मनुष्य एकटाच आला होता आणि एकटाच परत जाणार आहे! घटस्फोटित मातेची कोंडी तर याहून बिकट. मुलाच्या ताब्याविषयी येथील कौटुंबिक न्यायालयाचा आदेश असेल, तर बहुधा दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून अथवा न्यायालयाच्या परवानगीवाचून तिला मुलाला देशाबाहेर नेता येत नाही. एक कायदा तिला सांगतो, साठ दिवसांत निघ. दुसरा कायदा सांगतो, निघायचेच तर मूल येथे ठेवून निघ. या दोन कायद्यांच्या मध्ये उभी असलेली आपली भगिनी मुलाखतीला जाताना चेहरा हसरा ठेवते, कारण मुलाखत घेणाऱ्याला तिचे साठ दिवस दिसता कामा नयेत.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड वा नागरिकत्व आहे, त्यांना देश सोडावा लागत नाही. पण घर चालवावेच लागते. त्यांना बेकारी विमा मिळतो. तो पगाराचा काही अंशच असतो आणि बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे चालतो. आरोग्य विमा नोकरीला जोडलेला असल्याने तोही डळमळतो. जुना विमा साधारणतः १८ महिने पुढे चालू ठेवण्याचा हक्क बऱ्याच जणांना असतो. परंतु मालक भरत असलेला वाटाही आता स्वतःच भरावा लागतो, आणि वर दोन टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च. लहान मूल असेल तर पाळणाघराचा पेच वेगळाच. जागा सोडावी तर नोकरी मिळताच मुलाला ठेवायचे कोठे? जागा राखावी तर पगार नसताना पैसे भरायचे कोठून? ज्या घरात दुसरे माणूस आहे, तेथे हा प्रश्न उद्‌भवत नाही. एकट्या पालकाच्या घरात तो रोज सकाळी उद्‌भवतो.

हे झाले सर्वच स्थलांतरितांचे दुःख. आपल्या समाजात त्याला आणखी दोन पदर आहेत.

पहिला पदर म्हणजे, आपल्यातील पुष्कळांच्या एका पगारावर तीन घरे उभी असतात. एक येथील भाड्याचे घर. दुसरे गावाकडचे किंवा वस्तीतले आई-वडिलांचे घर, ज्याचे औषधपाणी दरमहा येथून जाणाऱ्या पैशांवर चालते. तिसरे धाकट्या भावाचे वा बहिणीचे, किंवा पुतण्या-भाच्याचे, जे पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत वसतिगृहात राहून शिकते आहे. कुटुंबातील पहिलीच पदवीधर पिढी असली म्हणजे असेच असते. इतरांची नोकरी गेली तर त्यांना परतण्यासाठी बहुधा वडिलांचे घर असते. आपल्या भगिनीने परतायचे ते घर मात्र तिच्याच पैशांतून बांधले जात असते आणि त्यावर स्लॅब पडायचा राहिलेला असतो. म्हणून ती नोकरी गेल्याचे घरी कळवीत नाही. दरमहाचे पैसे बचतीतून पाठवीत राहते, कारण पैसे थांबले की बातमी आपोआप पोहोचेल याची तिला जाणीव असते.

दुसरा पदर ओळखीपाळखीचा. या देशात नोकऱ्या केवळ जाहिरातींतून मिळत नाहीत. कंपनीतील कोणीतरी नाव सुचवावे लागते. हिंदुस्थानी लोकांच्या ओळखीची जाळी आजही पुष्कळदा गाव, आडनाव आणि जात यांच्या धाग्यांनीच विणलेली असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करणारा ठराव कायद्यात आणला, तो काही उगाच नव्हे. ज्यांनी कार्यालयात आपली जात वर्षानुवर्षे झाकून ठेवली, त्यांना अडचणीच्या वेळी मदत मागण्यासाठी विश्वासाची जागा उरत नाही. ती जागा आपले मंडळ असायला हवी. पण ते तसे आहे काय?

हा प्रश्न टोचणारा असला तरी विचारलाच पाहिजे. नोकरी गेली की आपला सभासद प्रथम मंडळाच्या कार्यक्रमाला येणे बंद करतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. जयंतीच्या भोजनाचे तिकीट काढणे जड जाते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या मेळाव्यात आपण एकमेकांना यश सांगतो; कोणाची बढती, कोणाचे नवे घर, कोणाच्या मुलीचा मोठ्या विद्यापीठातील प्रवेश. ते योग्यच आहे, कारण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या यशाची चव मिळाली नाही त्यांनी ते मिरवावे. परंतु यशाच्या या गर्दीत अपयश सांगायला जागा उरत नाही. त्यातून एकट्या स्त्रीला "पती कोठे असतात?" हा प्रश्न आधीच सोसावा लागतो. त्यात "सध्या काम कोठे?" याची भर नको म्हणून ती घरीच राहते. तिची खुर्ची रिकामी राहते आणि आपण समजतो, ताई कामात असतील.

मदत मागणे म्हणजे स्वाभिमान गमावणे, अशी एक समजूत आपल्यात दृढ आहे. तिची मुळे समजण्यासारखी आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याच्या दारी तुकडा मागावयास लावले, त्याला बाबासाहेबांनी ताठ मानेने उभे राहण्यास शिकविले. म्हणून "आम्ही कोणापुढे हात पसरत नाही" हे वाक्य आपल्या घरोघरी मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. परंतु भीक आणि हक्क यांत अंतर आहे, उपकार आणि बंधुता यांतही अंतर आहे. हे अंतर आपल्याला बाबासाहेबांच्या जीवनातूनच शिकता येते.

बाबासाहेबांचे पिताजी सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाले. पुढे १८९६ मध्ये साताऱ्यास माता भीमाईंचे निधन झाले. रामजींना घर चालविण्यासाठी पुन्हा नोकरी पत्करावी लागली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. तेथे ते रोखपाल म्हणून गेले. त्या दिवसांचे वर्णन बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखात केले आहे. साताऱ्याच्या घरी मागे राहिली चार मुले. बालभीम, त्यांचे थोरले बंधू आणि निवर्तलेल्या बहिणीचे दोन मुलगे. जवळ आत्या होती. ती अतिशय मायाळू, पण पायांनी अधू. मुले शाळेत जात आणि स्वतःच स्वयंपाक करीत. भाकरी जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करीत. तोच त्यांना सर्वांत सोपा वाटे. पिताजी कामाची जागा सोडून येऊ शकत नव्हते.

त्या लेखातील एक लहानसा तपशील आपल्या नजरेतून निसटतो. पिताजींनी मुलांना आत्याच्या आणि काही दयाळू शेजाऱ्यांच्या हवाली केले होते, असे बाबासाहेब नोंदवितात. त्या शेजाऱ्यांची नावे त्या लेखात नाहीत. कोणी सरपण दिले असेल, कोणी रात्री दाराशी येऊन मुले झोपली का हे पाहिले असेल. पुढे ज्याने देशाची घटना लिहिली, त्या बालकाच्या पोटापाण्याची आणि सुरक्षिततेची काळजी काही काळ शेजाऱ्यांनीही वाहिली. यामुळे सुभेदार रामजींच्या स्वाभिमानाला उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

माता रमाईंच्या बाबतीतही आपण थोडे थांबून विचार करावा. बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिक्षण घेत असताना परळच्या चाळीतील संसाराचा भार रमाईंनी एकटीने वाहिला. पाच अपत्यांपैकी चार अपत्यांचे मृत्यू या माउलीने पाहिले. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो आणि झालेच पाहिजे. परंतु त्या त्यागाचे स्तोत्र गाऊन आजच्या एकट्या मातेला "रमाईंनी सोसले, तूही सोस" असे सांगणे हा रमाईंचा गौरव नव्हे. रमाईंना जे सोसावे लागले ते पुढील कोणाही मातेला सोसावे लागू नये, यासाठीच बाबासाहेबांनी पुढचे आयुष्य वेचले.

आणि ते त्यांनी केवळ बोलून दाखविले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतीकालीन साहाय्याच्या विधेयकावर बोलताना, कामगार स्त्रीला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. महायुद्ध संपताच कामावरून कमी होणारे सैनिक व कामगार यांना नवे काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली सेवायोजन कार्यालयांची उभारणी झाली. भारतीय संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. 'हक्क' हा शब्द तेथे आहे, 'दया' हा शब्द नाही.

ज्या देशात आपण राहतो, तेथील इतिहासही हेच सांगतो. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच विद्यापीठातून १९१० मध्ये फ्रान्सिस पर्किन्स या स्त्रीने एम. ए. पदवी घेतली होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला आग लागून १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित कुटुंबांतील तरुण मुली होत्या. ती आग पर्किन्स यांनी रस्त्यावरून प्रत्यक्ष पाहिली. पुढे त्यांचे पती मानसिक व्याधीने वारंवार आजारी पडू लागले आणि पती व कन्या यांच्या पोषणाची जबाबदारी त्यांच्या एकटीच्या पगारावर आली. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. या देशाच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री. मंत्रिपद स्वीकारण्यापूर्वीच त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे ज्या योजना ठेवल्या, त्यांत बेकारी विमाही होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तो देशभर आला, आणि निराधार बालकांच्या मातांना साहाय्यही त्याच कायद्यातून सुरू झाले. एकाच विद्यापीठाचे दोन विद्यार्थी दोन देशांचे मजूरमंत्री होतात आणि दोघेही काम गमावलेल्या माणसाचा विचार करतात, हा योगायोग आपल्या मुलांना अवश्य सांगावा.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगावी. १९३५ मध्ये शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातील विम्याच्या संरक्षणातून वगळण्यात आले, आणि देशातील कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा भाग याच दोन कामांत होता. १९९६ मध्ये तर गरीब मातांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याला आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा घातली गेली. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो सर्वांना मिळाला असे होत नाही आणि मिळालेला टिकतोच असेही नाही. ज्यांना वगळले गेले, त्यांना एकमेकांचा आधार घेऊनच झगडावे लागले. आपल्याला याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

म्हणून प्रथम हे निःसंकोचपणे सांगू या. बेकारी विमा हा आपल्या श्रमातून उभा राहिलेला हक्क आहे. पात्र असाल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. मुलांचे शालेय शिक्षण येथे पालकाच्या व्हिसावर अवलंबून नाही, आणि शाळेतील सवलतीचे वा मोफत भोजनही त्याच न्यायाने उत्पन्न पाहून मिळते. येथे जन्मलेली मुले या देशाची नागरिक आहेत. त्यांच्यासाठी असलेले अन्नसाहाय्य मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. अर्थात, कोणते साहाय्य घेतल्याने पुढील ग्रीन कार्डाला बाधा येते याविषयीचे नियम बदलत असतात. त्यासाठी ऐकीव सल्ल्यावर न विसंबता जाणकार वकिलास विचारावे.

आता मंडळाचे कर्तव्य. येत्या सर्वसाधारण सभेपुढे संपादक मंडळ चार सूचना ठेवीत आहे. पहिली, या स्मरणिकेच्या जाहिरातींतून खर्च वजा जाता उरणारी सर्व रक्कम 'संकटनिधी' म्हणून वेगळी ठेवावी आणि ती एकट्या पालकांच्या घरांना प्राधान्याने, परतफेडीच्या अटीवाचून द्यावी. दुसरी, या निधीचे काम केवळ दोन विश्वासू व्यक्तींकडे, त्यांपैकी एक भगिनी, असे सोपवावे. घेणाऱ्याचे नाव त्या दोघांपलीकडे कोणालाही, अध्यक्षांनाही, कळू नये. तिसरी, आपल्यातील जे बंधू-भगिनी कंपन्यांत अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी वर्षातून निदान एका गरजू सभासदाचे नाव आपल्या कंपनीत सुचविण्याचे वचन द्यावे. साठ दिवसांच्या मुदतीत असे एक नाव सुचविणे हे हजार डॉलरच्या देणगीहून मोलाचे ठरते. चौथी, मुलाखतीच्या दिवशी मूल सांभाळणे, शाळेतून आणणे, रात्रीचा डबा पोहोचविणे यांसाठी प्रत्येक शहरात चार घरांनी आपली नावे नोंदवावीत. जयंतीच्या भोजनाला तिकीट ठेवायचे असेल तर ते ऐच्छिक असावे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. विहार बांधणे, ग्रंथ छापणे, पुतळे उभारणे ही कामे आपण श्रद्धेने करतो. पण ज्या धम्मात मैत्रीला करुणेच्याही पुढचे स्थान आहे, त्या धम्मात शेजारच्या घरातील विझलेली चूल पेटविणे हेही धम्मकार्यच आहे. संविधानातील स्वातंत्र्य आणि समता यांसाठी आपण कायद्याकडे पाहू शकतो. बंधुता मात्र कोणतेही न्यायालय आणून देत नाही. ती आपल्यालाच आणावी लागते.

जी भगिनी किंवा जो बंधू या ओळी घरी एकट्याने वाचीत असेल, त्याला आमचे एवढेच सांगणे आहे : नोकरी गेली म्हणून तुमचे शिक्षण गेले नाही, तुमची योग्यता गेली नाही आणि या समाजातील तुमची जागाही गेली नाही. फोन करा. आणि ज्यांच्या घरी दोन पगार येतात, त्यांनी वाट पाहू नये. यंदा कोण आले नाही याची यादी काढावी आणि आपणच फोन करावा. साताऱ्याच्या त्या अनाम शेजाऱ्यांनी कोणाच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती.

भवतु सब्ब मंगलं.

जयभीम! जय बुद्ध!

— संपादक मंडळ